चाळिशीपुढचे गिरणगाव



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना आधीच सांगून ठेवले की, माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले आहे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतील कपाटात पडलेले जुने अहवाल, सार्वजनिक वाचनालयातील पुस्तके आणि कामगारांची तोंडे वाचून झाले. तेव्हा राजेरजवाड्यांच्या लढाया मी सांगणार नाही. मुंबईच्या गिरणी कामगाराला चाळिशी उलटल्यावर, म्हणजे ज्या वयात डोळ्यांवर चष्मा येतो, मुली लग्नाला येतात आणि गावाकडे आईबाप अंथरूण धरतात त्या वयात, सुख कशाने लाभले आणि दुःख कशाने झाले, एवढाच प्रश्न मी आज घेतला आहे.

आमच्या चळवळीच्या इतिहासात संपांची, कायद्यांची आणि करारांची नोंद बऱ्यापैकी झालेली आहे. परंतु संपावर जाणारा माणूस हा कोणाचा तरी बाप, कोणाचा तरी नवरा, कोणाचा तरी थोरला भाऊ होता. संध्याकाळी तो घरी जात होता, आणि तिथे त्याचे काय होत होते याची नोंद फार थोडी आहे. उतारवयातले स्वास्थ्य घरच्या नात्यांवर अवलंबून असते, ही गोष्ट आपल्या आजीलाही ठाऊक होती. ती सांगावयास माझ्यासारख्याची गरज नाही. पण ती नाती स्वतः कशावर उभी राहतात, हे पाहिले पाहिजे. माझ्या मते ती पगार, खोली, पाळी आणि रजा या चार खांबांवर उभी असतात. पाचवी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मी शेवटी येईन.

दोन घरांचा माणूस

मुंबईत कापडाची पहिली गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली केला आणि ताडदेवची ती गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा, शिवडी या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. या गिरण्यांत राबणारी माणसे मुंबईची नव्हती. १९२१ च्या शिरगणतीत मुंबई शहरातील दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली आढळली. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांची संख्या दोन लाखांच्या वर होती. त्या वेळी आजचा सिंधुदुर्गही त्याच जिल्ह्यात होता. त्याखेरीज सातारा, पुणे, कोल्हापूर, नगर या घाटावरच्या मुलखातून माणसे येत होती. या सभागृहातील पुष्कळांच्या घरी आजोबा-पणजोबांपैकी कोणी तरी मुंबईस गिरणीत होते, हे मी न विचारताच सांगू शकतो.

त्याच शिरगणतीतील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. शहरात दर हजार पुरुषांमागे सुमारे सव्वापाचशे स्त्रिया होत्या. याचा अर्थ हिशेबाच्या वहीत शोधण्याची गरज नाही. जवळजवळ निम्मे पुरुष बायकोवाचून राहत होते. बायका गावी होत्या.

त्या गावी का राहिल्या? लोक म्हणतात, आपल्याकडे रीतच तशी होती. रीत होती हे खरे. पण रीतीमागे हिशेब होता. एका माणसाच्या मजुरीत मुंबईत बिऱ्हाड चालत नव्हते. त्या वेळी शहरातील दर तीन माणसांपैकी दोन माणसे एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. नोकरीची शाश्वती नव्हती. मुकादमाची मर्जी फिरली की माणूस रस्त्यावर. पुढे १९३५ साली बदली कामगारांची पद्धत नियमात बसविण्यात आली, तरी बदलीवाल्याला रोज सकाळी गिरणीच्या दारात जाऊन आज काम मिळते की नाही हे पाहावेच लागे. अशा नोकरीच्या भरवशावर बायकापोरे कोण आणील? म्हणून जमिनीचा तुकडा, म्हातारे आईबाप, बायको आणि मुले गावी. आणि कमावता हात मुंबईत. १८८० साली टपालखात्याने मनिऑर्डर सुरू केली, तेव्हापासून या दोन घरांना जोडणारा पूल म्हणजे पोस्टमन झाला.

गिरणीमालकांना ही व्यवस्था सोयीची होती. कामगाराचे बालपण गावाने पोसलेले, त्याचे आजारपण गावाने काढावयाचे, म्हातारपणी त्याला गावाने सांभाळावयाचे. मालकाने फक्त मधल्या उमेदीच्या वर्षांची मजुरी द्यावयाची. व्हिटली साहेबांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या मजूर आयोगाने १९३१ साली आपला अहवाल दिला. आपले ना. म. जोशी त्या आयोगाचे सभासद होते. कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू नये, ते टिकवावे आणि त्याला रीतसर वळण लावावे, असा त्या आयोगाचा अभिप्राय पडला. तो चुकीचा होता असे मी म्हणत नाही. गाव हेच त्या काळी कामगाराचे दवाखाना, विमा आणि पेन्शन होते. १८९६ साली प्लेग आला तेव्हा लाखो माणसे मुंबई सोडून गावाकडे पळाली आणि जगली. १९२८ सालचा सार्वत्रिक संप सुमारे दीड लाख कामगारांनी सहा महिने लढविला, तो केवळ पुढाऱ्यांच्या भाषणांवर नव्हे. पुष्कळ कामगार त्या दिवसांत गावी गेले आणि बायकांनी लावलेल्या भातानाचणीवर राहिले. त्या संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे आहेत. त्या बायकांची नाहीत.

अडीच वर्षांचा संसार

या व्यवस्थेची किंमत कोणी दिली ते आता पाहू. गिरणीतला माणूस वर्षातून एकदा गावी जाई. कोकणातला गणपतीला किंवा शिमग्याला, घाटावरचा सुगीला नाहीतर जत्रेला. वर्षाकाठी एक महिना धरला, तरी तीस वर्षांच्या नोकरीत तीस महिने होतात. तीस महिने म्हणजे अडीच वर्षे. विसाव्या वर्षी लग्न करून मुंबईला गेलेला माणूस पन्नाशीत फंडाचे पैसे आणि वळकटी घेऊन कायमचा घरी येई, तेव्हा त्याचा आणि त्याच्या बायकोचा एकत्र संसार एकूण अडीच वर्षांचा झालेला असे. मुलांनी बापाला पाहिलेले ते पाहुण्यासारखे. तो आला की कोंबडी कापावयाची, नवे कपडे मिळावयाचे, आणि तो गेला की पुन्हा आईचे राज्य.

तो माणूस म्हातारपणी घरी बसल्यावर काय होई, हे कोकणातल्या कोणत्याही वाडीत विचारावे. तीस वर्षे शेत, गोठा, सासूसासरे, मुलांची दुखणी आणि भावकीचे तंटे एकटीने सांभाळलेल्या बाईला घरात कोणाच्या परवानगीची सवय उरलेली नसे. आणि तीस वर्षे मनिऑर्डर पाठविलेल्या माणसाला वाटे की, आता आपला शब्द चालावा. दोघांचीही काही चूक नसे. गिरणीच्या भोंग्याने दोघांना दोन निरनिराळ्या जगांत वाढविलेले असे, आणि ज्या वयात एकमेकांचा आधार हवा त्या वयात त्यांची प्रथमच ओळख होत असे. कित्येक जोडपी या ओळखीतून सुखीही झाली. पण कित्येक घरांत ओटीवर एक आणि चुलीपाशी एक, अशी दोन माणसे अबोल्याने म्हातारी झाली.

त्या बाईच्या मध्यमवयाचा विचार तर फारच थोड्यांनी केला. नवरा परगावी म्हणून तिच्यावर सगळ्या वाडीचा डोळा, सासूसासऱ्यांचा दबाव, शेतीचे जड काम, आणि मनिऑर्डर उशिरा आली की वाण्याच्या दुकानात मान खाली. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्या व्याख्यात्यांना माझी नम्र विनंती आहे की, त्या कुटुंबाचा जमाखर्च त्यांनी एकदा चाळीस वर्षांच्या सुनेच्या बाजूने मांडून पाहावा.

शहरात जुळविलेली नाती

माणसाला नात्याची भूक असते, आणि रक्ताचे नाते दूर असले की तो दुसरे जुळवितो. मुंबईत एकेका गावाच्या खोल्या होत्या. एका खोलीत पंधरा-वीस-तीस गडी, प्रत्येकाची एक ट्रंक आणि खुंटीवर एक सदरा; दिवसपाळीवाल्याने सोडलेल्या जागेवर रात्रपाळीवाल्याने अंग टाकावयाचे. या खोल्यांत वडीलधाऱ्या माणसाचा शब्द चाले. आजाऱ्याला दवाखान्यात नेणे, नव्या पोराला मुकादमाकडे घेऊन जाणे, दारूड्याला दटावणे, मेलेल्याची मौत काढून गावी वर्दी देणे, ही कामे खोलीच करी. भजनी मंडळे, तालमी, गणेशोत्सव आणि भिशी यांनी माणसे एकमेकांत गुंतविली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या, बायकोपासून दूर असलेल्या माणसाला गुत्त्याकडे जाणाऱ्या वाटेवर अडविण्याचे काम कोणत्याही कायद्यापेक्षा भजनाच्या टाळांनी अधिक केले असे मी मानतो.

दुसरी संस्था खानावळीची. गिरणगावातील खानावळी पुष्कळ करून बायकाच चालवीत. कोणी विधवा, कोणी टाकलेली, कोणाचा नवरा आजारी. दहा-वीस माणसांचे दोन वेळचे जेवण रांधावयाचे आणि पैसे महिनाअखेर घ्यावयाचे. तोवर वाण्याचे आणि सावकाराचे देणे डोक्यावर. संप झाला की खाणावळ्यांचे पैसे थकत, पण ताट बंद होत नसे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांच्या दारापर्यंत आणले. ज्या बाईला सावकाराखेरीज कोणी दारात उभे करीत नव्हते, तिला चाळिशी-पन्नाशीत आपल्या नावाचे बँकेचे पुस्तक मिळाले. स्वास्थ्य म्हणतात ते याहून निराळे काय असते?

रक्ताच्या पलीकडच्या नात्याचे एक उदाहरण तर सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराला रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल सापडले. त्याने ते घरी नेले. त्याने आणि त्याच्या बायकोने, काशीबाईने, त्याला आपले नाव दिले, शाळेत घातले. तेच पुढे कविवर्य नारायण सुर्वे. गिरणीची नोकरी संपल्यावर गंगाराम कोकणात परतले आणि पोरगा लहान वयातच मुंबईत एकटा राहिला, हाही त्याच गोष्टीचा भाग आहे. गिरणगावाची माया आणि गिरणगावाची लाचारी, दोन्ही त्या एका घरात पाहावयास मिळतात.

बरे दिवस आणि दहा बाय सोळाची खोली

स्वातंत्र्यानंतर दिवस थोडे पालटले. १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास ठरविले. त्याच साली राज्य विमा कायदा झाला, १९५२ साली भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आला, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा. कायम कामगाराला आता उद्याची थोडी खात्री वाटू लागली आणि बायकापोरे मुंबईत येऊ लागली. कायद्यांचा हा परिणाम पुस्तकांत फारसा सांगितलेला नसतो. पण माझ्या मते त्यांचे मोठे फळ हेच की, कामगाराला आपल्या मुलांबरोबर राहावयास मिळाले.

परंतु राहावयाचे कोठे? १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या, त्यांना आपण बी.डी.डी. चाळी म्हणतो. तेथील खोली एकशे साठ चौरस फुटांची, म्हणजे दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब. त्या खोलीत नवरा-बायको, मुले, गावाहून शिकावयास आलेला भाचा, नोकरी शोधणारा दीर आणि दुखण्यासाठी आणलेली आई. पाळ्या होत्या म्हणून झोपावयास जागा पुरत होती, आणि पाळ्या होत्या म्हणूनच बाप आणि मुले एकमेकांना जागेपणी फारशी भेटत नव्हती. साचेखात्याच्या खडखडाटात वीस वर्षे काढलेल्या माणसाला ऐकू कमी येई; तो घरात मोठ्याने बोले, आणि मुलांना वाटे की बाप नेहमी रागावलेलाच असतो. कापसाचे तूस छातीत जाऊन होणारा दम्यासारखा विकार, ज्याला डॉक्टर बिसिनोसिस म्हणतात, तोही याच वयात डोके वर काढी. रात्री खोकणारा माणूस एका खोलीत सगळ्या घराची झोप मोडतो आणि त्याचा त्याला स्वतःला संकोच होतो. ही सगळी दुखणी शरीराची म्हणून नोंदली गेली. त्यांनी नात्यांना काय केले ते कोणी नोंदले नाही.

त्यातच या वयाचा मुख्य भार होता, तो दोन्ही बाजूंचा. वरून आईबाप आणि धाकट्या बहिणींची लग्ने, खालून मुलांच्या फिया. थोरला मुलगा असेल तर गावचे घर शाकारण्यापासून भावकीच्या कोर्टकज्ज्यापर्यंत सगळे त्याच्या पगाराकडे पाहून चाले. हे जू त्याने कधी तक्रार न करता वाहिले, कारण त्या जुवानेच त्याला घरात आणि गावात मान दिला होता.

१९८२

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही; तो विरत गेला. हजारो माणसे पुन्हा कामावर घेतली गेली नाहीत आणि पुढे एकेक गिरणी बंद होत गेली. संपाच्या डावपेचांवर पुष्कळ वाद झाले आहेत, ते आज मी काढीत नाही. मला एवढेच विचारावयाचे आहे की, त्या दिवशी जो माणूस पंचेचाळीस वर्षांचा होता त्याचे पुढे काय झाले?

विशीतला पोरगा दुसरीकडे चिकटला. साठीचा म्हातारा फंड घेऊन गावी गेला. मधला माणूस अडकला. त्याला साच्याखेरीज दुसरे काम येत नव्हते, नव्या कारखान्याला त्याचे वय चालत नव्हते, आणि घरची देणी ऐन भरात होती. कोणी भाजीची पाटी घेतली, कोणी पहारेकरी झाला, कोणी हमाली केली. बायका बाहेर पडल्या. कोणी खानावळ घातली, कोणी धुणीभांडी धरली, कोणी पापड लाटले. पंधरा-सोळा वर्षांची मुले शाळा सोडून कामाला लागली आणि काही वाईट वाटेला गेली. कामावरून येणाऱ्या बायकोला दार उघडणे, हे काम घरच्या कर्त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथमच शिकावे लागले. जयंत पवारांचे 'अधांतर' नाटक १९९७ साली रंगभूमीवर आले, ते अशाच एका घराचे. ज्यांनी ते पाहिले त्यांना मी अधिक सांगावयास नको.

मी त्या वेळी बारा-तेरा वर्षांचा होतो. आमच्या चाळीत एकाच मजल्यावर दोन साचेवाले राहत होते. दोघेही निर्व्यसनी, दोघेही संपात अखेरपर्यंत राहिले आणि दोघांचीही नोकरी गेली. पहिला चार बहिणींचा थोरला भाऊ. त्यांच्या लग्नांसाठी त्याने वर्षानुवर्षे डबल पाळ्या केल्या होत्या. पगाराचे पाकीट तो न फोडता बायकोच्या हाती देई, आणि जेवून झोपे. दुसऱ्याच्या मागे बहिणी नव्हत्या. त्याला संध्याकाळ मिळत असे. तो मुलींना शाळेत पोचवी, पहाटे नळावर पाणी भरी, चाळीतल्या बायकांना गावची पत्रे वाचून दाखवी. पगार थांबल्यावर दोघांच्या घरी चूल सारखीच मंद झाली. दुसरा माणूस बायकोबरोबर भाजीच्या गाडीवर उभा राहिला आणि मुली संध्याकाळी त्याच्याशेजारी बसून अभ्यास करीत. पहिला दिवसभर गॅलरीत कठड्याला टेकून उभा असे, आणि मुले शाळेतून आली की जिना उतरून निघून जाई. त्यांच्याशी काय बोलावे हे त्याला कळत नव्हते. तो पन्नाशी पुरी करण्याआधी गेला.

मी तेव्हापासून या दोन माणसांचा विचार करीत आलो आहे. पहिल्याचे घरावर प्रेम कमी होते काय? मुळीच नाही. नात्यांसाठी राबता राबता त्याला नात्यांसाठी वेळच उरला नव्हता. त्याचे घराशी असलेले सगळे नाते पगाराच्या एका दोरीने बांधलेले होते आणि ती दोरी मालकाच्या हातात होती. ती तुटली तेव्हा हातात धरावयास दुसरे काही नव्हते. हीच ती मघाशी राखून ठेवलेली पाचवी गोष्ट: पैशाखेरीज माणसाने घराला काय दिले, आणि ते देण्याइतकी सवड त्याला कोणी ठेवली.

अमेरिकेतील एक दाखला

हा केवळ माझ्या चाळीचा अनुभव म्हणून कोणी बाजूला सारू नये, यासाठी दूरचा एक दाखला देतो. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १९३८ साली एक पाहणी सुरू झाली. त्या विद्यापीठाचे २६८ विद्यार्थी आणि बोस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुले, अशा दोन गटांच्या प्रकृतीचा, कामधंद्याचा आणि संसाराचा मागोवा घेतला गेला. अभ्यासकांच्या पिढ्या बदलल्या, ती मुले म्हातारी झाली, तरी काम थांबले नाही. त्यातून एक गोष्ट निघाली. पन्नाशीत ज्याला आपल्या नात्यांत समाधान होते तो ऐंशीव्या वर्षी अधिक धडधाकट आढळला. रक्तातल्या चरबीच्या मापापेक्षा नात्यांतले समाधान पुढच्या प्रकृतीचा अधिक चांगला अंदाज देत होते.

ही पाहणी मूळची फक्त पुरुषांची, तीही गोऱ्या पुरुषांची; बायकामुलांना तीत पुष्कळ उशिरा घेतले. त्यामुळे तिचे सगळे निष्कर्ष आपल्या वाडीवस्तीला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. आणि तिचा एक सोपा अर्थ काढण्याचा मोह होतो, त्यापासून मी आपल्याला सावध करू इच्छितो. हल्ली कारखान्यांत आणि कचेऱ्यांत मन शांत ठेवण्याची शिबिरे भरतात. घरच्यांशी गोड बोला, मुलांना वेळ द्या, ताण घेऊ नका, असे तिथे सांगतात. उपदेश चांगलाच आहे. पण बारा तास पहारा करून, दोन तास गाडीत लोंबकळत घरी पोचलेल्या माणसाला 'मुलांना वेळ द्या' असे सांगणाऱ्याने तो वेळ कोणाकडून मागून घ्यावयाचा हेही सांगितले पाहिजे.

रविवारची गोष्ट

असा वेळ मागून घेणारा माणूस आपल्याकडे होऊन गेला. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी. १८८४ साली त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी ही मागणी पुढे केली. त्या काळी उजाडल्यापासून मावळेपर्यंत गिरणी चाले. १८९० सालच्या जून महिन्यात मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. आज ज्या रविवारी आपण मुलांना घेऊन बाजारात जातो, आजारी मामांना भेटावयास जातो, भावाभावांत वाटणीवरून भांडतो आणि पुन्हा एकत्र जेवतो, तो रविवार कामगारांनी मागून घेतलेला आहे. माझ्या मते आपल्या देशातील कौटुंबिक स्वास्थ्यासाठी झालेले ते एक फार मोठे काम आहे, आणि ते एका युनियनवाल्याने केले.

गिरण्या गेल्या. त्यांच्या जमिनीवर मनोरे उभे राहिले. २०१२ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली, तेव्हा संपात पंचेचाळिशीचा असलेला माणूस पंचाहत्तरीचा झाला होता. कित्येकांच्या जागी चिठ्ठीत वारसाचे नाव होते. परंतु गिरणीने जे प्रश्न निर्माण केले ते गिरणीबरोबर गेले नाहीत. आज आमच्या कचेरीत येणारा चाळिशीपुढचा कामगार कंत्राटी आहे. त्याला आठवड्याची सुट्टी मिळते, पण कोणत्या दिवशी ते आदल्या रात्री कळते. त्याची बायकोही कामाला जाते, आणि तिची सुट्टी दुसऱ्या दिवशी असते. गावी बाप पडला तर गेलेले दिवस बिनपगारी होतात. बदलीवाला पूर्वी गिरणीच्या दारात उभा राहून कामाची वाट पाहत असे. आता तो मोबाइलकडे पाहत बसतो.

म्हणून आमच्या युनियनने मागण्यांच्या यादीत पगारवाढीच्या बरोबरीने तीन गोष्टी घातल्या आहेत. पाळीचे पत्रक निदान पंधरा दिवस आधी लागावे. नवरा-बायको एकाच ठिकाणी कामास असतील तर दोघांची सुट्टी एकाच दिवशी यावी. आणि आईबापांच्या आजारपणासाठी वर्षातून काही दिवस पगारी रजा मिळावी. वाटाघाटीच्या टेबलावर पहिल्याने या मागण्या ठेवल्या तेव्हा समोरचे साहेब हसले आणि म्हणाले, या घरगुती बाबी आहेत. आम्ही त्यांना सांगितले की होय, घरगुतीच आहेत, आणि म्हणूनच त्या प्रथम मांडल्या आहेत. त्यांतील पहिली मागणी मान्य झाली आहे. उरलेल्या दोन अजून चालू आहेत.

या सभागृहात चाळिशी ओलांडलेली माणसे पुष्कळ दिसतात. त्यांत कोणी मालक असतील, अधिकारी असतील, दुकानाच्या गल्ल्यावर बसणारे असतील. आपल्या हाताखाली दोन माणसे असोत की दोनशे, त्यांची सुट्टी कोणत्या दिवशी येते आणि त्या दिवशी त्यांच्या घरी कोण असते, हे एकदा त्यांना विचारून पाहावे. आणि जे माझ्यासारखे राबणारे आहेत त्यांनी, पगाराचे पाकीट हाती दिल्यावर लगेच आडवे न होता, घटकाभर बसावे. ती घटका मिळण्यासाठी भांडणे हे युनियनचे काम आहे आणि ते आम्ही करू; पण मिळाल्यावर ती कोणाजवळ घालवावयाची, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.